कोलेस्टेरॉल उतरवणारा आहार व दिनक्रम : नागपूरच्या ताटातून

रक्तातील कोलेस्टेरॉल, त्यातही एलडीएल (रक्तवाहिन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल), औषधाआधी किंवा औषधाच्या जोडीने खाण्यापिण्यात व दिनक्रमात बदल करून खाली आणण्याची पद्धत. नागपुरात तपासणीनंतर ‘कोलेस्ट्रॉल निघालं’ असे म्हणतात आणि ‘तेलकट-तुपकट बंद’ एवढाच पथ्याचा अर्थ घेतला जातो. तो चुकीचा नाही, अर्धवट आहे. कोणती चरबी काढली याइतकेच तिच्या जागी काय आले याला महत्त्व असते. तुपाऐवजी बिस्किटे आली तर अहवालात फारसे काही हलत नाही.

लिपिड प्रोफाइलमधले, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीतले, आकडे वेगवेगळे वाचावे लागतात. एकूण कोलेस्टेरॉल डेसिलिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत, एलडीएल १०० च्या आत, ट्रायग्लिसराइड (रक्तात फिरणारी साठवणीची चरबी) १५० च्या आत आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४०, स्त्रियांत ५० च्या वर असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांसाठी एलडीएलची मर्यादा ७० किंवा त्याहूनही खाली धरतात. एलडीएल चढले असेल तर साय, तूप, खवा, पामतेल यांकडे पाहायचे. ट्रायग्लिसराइड चढले असेल तर भात, साखर, मैदा, दारू आणि पोटाचा घेर यांकडे. तूप सोडून दोन्ही वेळचा भाताचा डोंगर तसाच ठेवणाऱ्याचे ट्रायग्लिसराइड जागचे हलत नाही, आणि मग ‘पथ्याने काही होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. पथ्य दुसऱ्याच आकड्याचे चाललेले असते.

पुष्कळ प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून तो आकडा काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे गणित कोसळते. म्हणून आदल्या रात्री लग्नाची पंगत किंवा दारूची बैठक झाली असेल तर सकाळी रक्त देऊ नये. तापातून उठल्याबरोबरही देऊ नये, आजारपणात एलडीएल तात्पुरते खाली जाते आणि खोटा दिलासा मिळतो. ट्रायग्लिसराइड पाहायचे असेल तर ९ ते १२ तास उपाशी राहून, शक्यतो दर वेळी त्याच प्रयोगशाळेत तपासणी करावी.

शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर असतात. ते शोधणारे मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी, म्हणजे साय, तूप, पामतेल यांतली गोठणारी चरबी, जास्त झाली की या रिसेप्टरचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. उलट, पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारे तंतू आतड्यातील पित्ताम्ले धरून शौचावाटे बाहेर नेतात. मग नवे पित्त बनवण्यासाठी यकृताला रक्तातून कोलेस्टेरॉल उचलावे लागते. आहाराचा बहुतेक उपाय या दोन गोष्टींवर उभा आहे. अन्नातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम त्यामानाने थोडा असतो. अंड्याच्या एका बलकात सुमारे १९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असले तरी अंड्याला जेवढी शिक्षा झाली तेवढा त्याचा गुन्हा नव्हता. ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ लिहिलेल्या तेलाच्या पिशवीचेही तसेच. वनस्पती तेलात ते मुळात नसतेच.

हिशेब संपृक्त चरबीचा ठेवावा. रोज २००० कॅलरी खाणाऱ्याने ती १५ ग्रॅमच्या आत आणली तर एलडीएलवर फरक दिसतो. सगळ्यांचे लक्ष तुपाच्या वाटीकडे असते, पण मोठी गळती दुधाच्या पातेल्यात असते. फुल क्रीम दुधात चरबी ६ टक्के असते आणि तिच्यातला साधारण ६० टक्के भाग संपृक्त. म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास, दिवसाचा कोटा तिथेच संपला. टोन्ड दुधात चरबी ३ टक्के आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का असते, म्हणून पिशवी बदलणे हा सर्वांत कमी कष्टाचा बदल. म्हशीचे दूध घेणाऱ्यांनी ते तापवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे, साय काढावी, पुन्हा तापवून पुन्हा काढावी. एवढे करून बहुतेक घरांत त्या सायीचे लोणी आणि लोण्याचे तूप होते, आणि पंधरा दिवसांनी तीच चरबी वरण-भातावरून परत पोटात जाते. साय काढली तर ती ज्याचा एलडीएल १६० आहे त्याच्या ताटात परत येऊ नये, एवढे पाहावे. तूप पूर्ण सोडावे लागत नाही. चहाच्या एका चमच्यात ५ ग्रॅम तूप आणि सुमारे ३ ग्रॅम संपृक्त चरबी असते, तेवढे हिशेबात बसते. पोळ्याच्या पुरणपोळीवरची धार बसत नाही, पण पोळा वर्षातून एकदाच येतो. संत्रा बर्फीतल्या संत्र्यामुळे तिचा खवा माफ होत नाही.

तेलासाठी साधा नियम : माणशी महिन्याला अर्धा लिटर. म्हणजे दिवसाला चहाचे सव्वातीन चमचे. चौघांच्या घरी महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन लिटर वेगळे काढायचे आणि बाटलीवर आठवड्याच्या खुणा करायच्या. दुसऱ्या आठवड्याची खूण दहाव्या दिवशीच ओलांडली की कोणता पदार्थ तेल पितो ते कळते. बहुतेक वेळा ती वांग्याची भाजी, आलूबोंडा किंवा सांबारवडी (कोथिंबिरीची तळलेली वडी) असते. शेंगदाणा, सोयाबीन, करडई यांपैकी कोणते तेल घ्यावे यावर घरोघरी वाद होतात. त्यांच्यातला फरक त्यांच्यात आणि पामतेल, खोबरेल किंवा वनस्पती तुपात असलेल्या फरकाच्या मानाने किरकोळ आहे. पामतेलाची जवळपास अर्धी चरबी संपृक्त असते आणि फरसाण, शेव, खारी, टोस्ट यांत ते पामोलिन या नावाने असते. पुड्याच्या मागची यादी वाचावी. ट्रान्स चरबी तेला-तुपात २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम १ जानेवारी २०२२ पासून देशभर लागू आहे. बोंडे-समोसे तळण्याच्या तेलातील ध्रुवीय संयुगांवरही (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या घटकांवरही) २५ टक्क्यांची मर्यादा आहे. पण काळे पडून फेसाळणारे, धूर सोडणारे तेल दिसले की त्या कढईतले खाऊ नये, मीटर लावायची गरज नसते.

तर्री पोह्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण सकाळच्या फेरफटक्याचा शेवट पुष्कळदा त्यांच्याच गाडीवर होतो. प्लेटमधले हरभरे उपयोगाचे असतात. घात करतो तो रश्श्यावर तरंगणारा तेलाचा लाल थर, म्हणजेच तर्री. पातेल्यात पळी वरून फिरली की हरभरे चार आणि तेल पळीभर येते. त्यात तेलाचा दिवसभराचा वाटा सहज निघून जातो. ‘खालून चणे, वरची तर्री नको, शेव नको’ एवढे सांगितले की तीच प्लेट निम्मी निरुपद्रवी होते. घरी तोच रस्सा दोन चमचे तेलात करावा, घट्टपणा भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याऐवजी वाटलेल्या हरभऱ्यांचा द्यावा. पाटोडी रश्श्यात बेसनाची वडी चांगली, तक्रार तर्रीचीच. सावजी मटणाचा रस्सा आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवला तर मटणाची चरबी पांढरी होऊन गोठते आणि चमच्याने उचलता येते. तेल मात्र पूर्ण गोठत नाही, ते पळीने काढावे लागते. मसाल्याची चव खाली शिल्लक राहते.

सावजी स्वयंपाकाला जवसाच्या तेलाची जुनी परंपरा आहे. या तेलात निम्म्याहून अधिक चरबी ओमेगा-३ प्रकारची असते. पण तेवढ्याच कारणाने ते उष्णतेने व हवेने लवकर बिघडते, तळणीसाठी नाही. त्यापेक्षा चटणी बरी. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजावा, काळपट झाला की कडवट होतो. गार झाल्यावर लाल मिरची, जिरे, लसूण आणि नेहमीच्या निम्मे मीठ घालून कुटावा. अख्खा जवस न पचता तसाच बाहेर पडतो, म्हणून कूट हवाच. आठवडाभर पुरेल एवढेच करून घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवावे. रंगाच्या डब्यासारखा वास आला की फेकावे. रोज दोन टेबलचमचे पुरतात, मात्र चटणीवर कच्च्या तेलाची धार ओतली तर हिशेब परत बिघडतो.

विरघळणाऱ्या तंतूंचे रोजचे उद्दिष्ट १० ग्रॅम धरावे. यात ज्वारीच्या भाकरीचा लौकिक तपासून घेतला पाहिजे. विरघळणारे तंतू तिच्यात गव्हाच्या कणकेइतकेच, १०० ग्रॅमला पावणेदोन ग्रॅमच्या घरात असतात. भाकरीचा खरा फायदा हा की ती तेलाशिवाय होते, मैद्याची जागा घेते आणि दीड भाकरीत पोट भरते. तंतू येतात ते हरभरा, राजमा, तूर, भेंडी, वांगी, पेरू आणि संत्र्यातून. नागपुरी संत्री आंबिया बहारात साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहारात फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. संत्र्यातला विरघळणारा तंतू, पेक्टिन, फोडींच्या पातळ पापुद्र्यात आणि पांढऱ्या दोऱ्यांत असते. फोड चोखून चोथा टाकणारा नेमके कामाचे तेवढे टाकतो. पेलाभर रसात तीन-चार संत्र्यांची साखर येते आणि तंतू गाळणीत राहतात. ट्रायग्लिसराइड वाढलेल्याने रस घेऊ नये, फळ खावे.

कमी पडेल तेवढे इसबगोलाने भरून काढता येते. दिवसाला १० ग्रॅम भुशीने एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरते. सुरुवात एका चमच्याने करावी, नाहीतर पोट फुगते आणि चौथ्या दिवशी डबा कपाटात जातो. दर आठवड्याला वाढवत दोन्ही जेवणांआधी घ्यावे. पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे. कोरडे तोंडात टाकल्यास घशात अडकते. इतर गोळ्यांपासून दोन तासांचे आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे. ओट्सही याच कारणाने चालतात, पण मसाला ओट्सच्या पाकिटात मीठ जास्त असते. बदाम, अक्रोड किंवा शेंगदाणे मूठभर घ्यायचे तर शेवेऐवजी घ्यावेत, शेवेनंतर नाही.

उपवासाचे दिवस बहुतेक पथ्ये मोडतात. साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्ट, तूप आणि शेंगदाण्याचे कूट. भगर आणि ताक बरे.

चालण्याने एलडीएल फारसे हलत नाही. ट्रायग्लिसराइड उतरते, एचडीएल किंचित चढते, आणि वजन ५ ते १० टक्के घटले की ट्रायग्लिसराइड चांगलेच खाली येते. आठवड्याला किमान १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीने चालावे. फुटाळ्याचा किंवा अंबाझरीचा सपाट रस्ता सुरुवातीला, नंतर सेमिनरी हिल्सचा चढ. एप्रिलपासून सूर्य उगवायच्या आत परतावे. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नवतपात बाहेरचा हट्ट न धरता घरातच जिने, बैठका आणि जोर करावेत. तीन महिन्यांचा खंड सगळे घालवतो. धूम्रपान सोडल्यावर एचडीएल सुधारते. खर्ऱ्यात (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणात) धूर नसला तरी तंबाखूचा हृदयावरचा धोका असतोच.

या सगळ्याचा परिणाम ६ ते १२ आठवड्यांनी मोजावा, दर पंधरा दिवसांनी नाही. नीट पाळल्यास एलडीएल १० ते १५ टक्के, फार काटेकोरपणे २० च्या पुढेही उतरू शकते. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलवरचे औषध ते ३० ते ५० टक्के उतरवते. त्यामुळे एलडीएल १९० च्या वर असेल, घरात कमी वयात हार्ट अटॅकची नोंद असेल, किंवा स्वतःला मधुमेह वा हृदयविकार असेल तर केवळ आहारावर विसंबून वेळ घालवू नये. टाचेमागच्या शिरेवर किंवा पापण्यांवर पिवळट गाठी दिसल्या तर आनुवंशिक दोषाची तपासणी करावी. पथ्य पाळूनही एलडीएल हटत नसेल तर थायरॉइड तपासावे. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तिथे डॉक्टर आधी.

गोळी चालू असताना आकडा सुधारला म्हणून ती आपणहून बंद केली की काही आठवड्यांत आकडा परत चढतो. अटोर्व्हास्टॅटिन व सिम्व्हास्टॅटिन ही स्टॅटिन घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळावे. या फळांमुळे औषधाचे रक्तातील प्रमाण वाढून स्नायू दुखू शकतात. संत्र्याला ही बंदी नाही.