जुन्या मालकाने नाव खराब केलं तर
(आमच्या टायपिंग व मराठी-कन्नड भाषांतर केंद्राच्या ग्राहकांसाठी)

समजा, बेळगावात उद्यमबागेतली फाउंड्री सोडून तुम्ही कागलच्या एमआयडीसीत लागलात. महिन्याभरात नव्या सुपरवायझरला जुन्या मालकाचा फोन जातो, "त्याला स्टोअरला ठेवू नका, त्यानं इथं हात मारलाय." अशी प्रकरणं आमच्याकडे टाइप करायला येतात, आणि बहुतेक उशिरा येतात.

बदनामीच्या नुकसानभरपाईचा दिवाणी दावा १ वर्षाच्या आत लावावा लागतो. फौजदारी फिर्यादीला ३ वर्षं मिळतात. लोक या दोन मुदतींची गल्लत करतात आणि दावा हातचा जातो. दाव्यात जेवढी रक्कम मागाल तिच्यावर कोर्ट फी पडते, म्हणून आकडा रागात ठरवू नका.

फौजदारीला १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागतं (जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९९-५००). शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. गुन्हा अदखलपात्र आहे, त्यामुळे पोलीस ठाण्यात हेलपाटे घालून उपयोग नाही. फिर्याद स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे द्यायची.

दावा बेळगावात की कोल्हापूर जिल्ह्यात? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे, बदनामी जिथे झाली तिथे किंवा ती करणारा जिथे राहतो तिथे, निवड तुमची.

आता आमच्या कामाचं. "माझी बदनामी केली" एवढ्यावर काही उभं राहत नाही. कोण, कोणाला, कधी, नेमके कोणते शब्द बोलला, ते लागतं. इथे बेळगावात कोर्टाचं काम कन्नडात चालतं. "हात मारला" शब्दाला शब्द ठेवून कन्नडात नेलं तर चोरी बाजूला राहून मारामारीच वाटते. म्हणून मूळ मराठी वाक्य जसंच्या तसं ठेवून खाली अर्थ देतो. तुम्ही सांगताना ते सभ्य करू नका, शिवी असली तरी तीही सांगा.

व्हॉट्सअॅपचा मेसेज असेल तर फोन फॉरमॅट करू नका. नुसती स्क्रीनशॉटची प्रिंट पुरत नाही, सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. तोंडी बोलणं असेल तर ऐकणाऱ्याची साक्ष हवी. तो सुपरवायझर बहुधा म्हणतो, "मला यात ओढू नको बाबा." त्याच्याशी आधी बोला, वकिलाकडे नंतर जा.

एक कटू गोष्टही सांगतो. नव्या मालकाने विचारलं आणि जुन्याने सद्भावनेने "हा सारखा उशिरा यायचा" असं सांगितलं, हजेरीपटातही तेच दिसतं, तर ती बदनामी ठरणं अवघड. त्यावर पैसे घालवू नका.

आमच्या मते आधी वकिलाची नोटीस द्यावी. पैशापेक्षा लेखी माफी आणि अनुभवाचा दाखला मिळाला तर पुष्कळांचं काम तिथेच भागतं.

येताना फोन, नेमणुकीचं पत्र, सोडल्याचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा आणा. मसुदा वकील ठरवतील. आम्ही टाइप आणि भाषांतर करतो, कायद्याचा सल्ला देत नाही.