मानवी घडण, मन व सदाचार : थिऑसॉफीची दृष्टी आणि नाशिक

थिऑसॉफी किंवा ब्रह्मविद्या या विचारप्रणालीनुसार माणूस हा सात तत्त्वांचा मेळ आहे. त्यांतली चार मरणाबरोबर किंवा मरणानंतर विरून जातात, तीन जन्मोजन्मी टिकतात. या दोन गटांच्या सांध्यावर मन आहे. ते खाली वासनेकडे झुकते की वर बुद्धी-आत्म्याकडे, यावर माणसाचे शील आणि त्याचा पुढचा प्रवास ठरतो. त्यामुळे या मतात नीती हा मानसशास्त्राचाच भाग होतो. माणूस कशाचा बनला आहे हे एकदा पटले की कसे वागावे याचे उत्तर त्यातूनच निघते, अशी त्याची मांडणी आहे.

थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना न्यूयॉर्कमध्ये १७ नोव्हेंबर १८७५ रोजी झाली. हेलेना पेत्रोव्हना ब्लाव्हाट्स्की, कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट आणि विल्यम क्वान जज हे तिचे प्रमुख संस्थापक. ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईला आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू केले आणि १८८२ च्या अखेरीस संस्थेचे ठाणे मद्रासजवळच्या अड्यारला हलवले. भारतातली पहिली जवळजवळ चार वर्षे अशी महाराष्ट्राच्या अंगणात गेली. नाशिकच्या वाचकाला या मताची ओळख करून घ्यायला ग्रंथांइतकेच स्वतःचे गाव उपयोगी पडते. टाकळी, रामकुंड आणि काळाराम मंदिर ही ठिकाणे ज्या प्रश्नांशी जोडलेली आहेत, त्याच प्रश्नांना थिऑसॉफी आपल्या परीने भिडते.

सात तत्त्वे

स्थूल शरीर, लिंगशरीर, प्राण आणि कामरूप हे खालचे चार. मनस्, बुद्धी आणि आत्मा हे वरचे तीन. ही सप्तविध मांडणी सोसायटीचे इंग्रज सभासद ए. पी. सिनेट यांनी १८८३ मध्ये ग्रंथरूपाने लोकांपुढे आणली. ब्लाव्हाट्स्कींनी ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ (१८८८) आणि ‘द की टू थिऑसॉफी’ (१८८९) यांत तिचा विस्तार केला. लिंगशरीर म्हणजे ज्याच्यावर स्थूल देह बेतला जातो तो सूक्ष्म साचा. प्राण हा सर्वत्र असलेल्या जीवनशक्तीचा त्या देहापुरता वाटा. कामरूप म्हणजे भूक, राग, ओढ, भीती यांचे केंद्र. आत्मा हा कोणा एकाच्या मालकीचा नाही. तो सर्वांचा मिळून एकच आहे. बंधुत्वाचा सगळा युक्तिवाद पुढे याच एका विधानावर उभा राहतो.

तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोश ज्यांनी वाचले आहेत त्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल, पण दोन्ही मांडण्या तंतोतंत जुळत नाहीत. सांख्य-वेदान्तात बुद्धी ही निश्चय करणारी शक्ती, अंतःकरणाचा एक भाग. थिऑसॉफीत ती मनाच्या वरचे, आत्म्याला लगटून असलेले तत्त्व आहे. अंतःकरण हा शब्द तर तिथे वरच्या आणि खालच्या मनाला जोडणाऱ्या पुलासाठी येतो. हा फरक लक्षात घेतला नाही तर वाचक पहिल्या प्रकरणातच वाट चुकतो. संस्थेतही यावर एकमत नव्हते. मद्रासचे विद्वान सभासद टी. सुब्बाराव यांना सातांपेक्षा चार तत्त्वांची विभागणी अधिक शास्त्रशुद्ध वाटे. १८८६-८७ मध्ये या मुद्द्यावर त्यांचा ब्लाव्हाट्स्कींशी उघड वाद झाला. पुढे अ‍ॅनी बेझंट आणि सी. डब्ल्यू. लेडबीटर यांनी तत्त्वांऐवजी ‘देहां’ची भाषा रूढ केली. आज थिऑसॉफीच्या नावाने जे वाचायला मिळते त्यातले बरेच या दुसऱ्या पिढीचे असते.

मनाची दोन तोंडे

या प्रणालीतला सर्वांत मोलाचा भाग मनाविषयीचा आहे. मनस् एकच, पण देहात उतरताच त्याचे दोन व्यापार सुरू होतात. वासनेशी गुंतलेले ते काम-मनस्. बुद्धीकडे तोंड केलेले ते उच्च मनस्, आणि जन्मामागून जन्म घेणारा खरा ‘मी’ तोच. हुशारी, तर्क, हिशोब यांचा पुष्कळसा कारभार काम-मनसाकडे असतो, हे या मताचे धारदार निरीक्षण आहे. लासलगावच्या लिलावाला निघालेला शेतकरी ट्रॉलीत वर मोठा कांदा लावतो आणि खाली गोल्टी दडवतो. तेव्हा त्याचे डोके उत्तम चाललेले असते. भाव, वजन, व्यापाऱ्याची नजर कुठवर जाईल, सगळ्याचा अंदाज त्याने घेतलेला असतो. वर “व्यापारी तरी कुठे सरळ आहेत?” हे समर्थनही तयार असते. थिऑसॉफीच्या भाषेत इथे मन वासनेच्या पदरी चाकरीला आहे. घरी परतताना त्याच माणसाला, कोणी पकडलेले नसताना आणि तोटाही झालेला नसताना, जे आतून टोचते ते उच्च मनसाचे बोलणे. शिक्षणाने पहिले मन तल्लख होते; दुसऱ्याला वाव मिळतोच असे नाही. ‘द की टू थिऑसॉफी’मध्ये शिक्षणावर जी कडक टीका आहे तिचे मूळ इथे आहे. परीक्षेसाठी स्मरणशक्ती घोटून घेणारी आणि मुलांत मत्सर पेरणारी शाळा ब्लाव्हाट्स्कींना मान्य नव्हती. मुलांना आधी स्वतः विचार करायला, निःस्वार्थी व्हायला शिकवावे असे त्यांचे म्हणणे होते.

नाशिकजवळ टाकळीला, नंदिनी आणि गोदावरीच्या संगमापाशी, समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली अशी परंपरा आहे. त्यांचे ‘मनाचे श्लोक’ २०५, आणि त्यांत मनाला ‘मना सज्जना’ अशी हाक आहे. पाठ म्हणताना सहसा लक्षात येत नाही, पण मनाला समजावणारा हा कोण आणि ऐकणारा कोण? वासना, क्रोध, मत्सर सोडण्याविषयी ज्याची विनवणी चालली आहे ते मन आणि विनवणी करणारे मन एकच असेल तर उपदेशाला अर्थ उरत नाही. थिऑसॉफीचा अभ्यासक या जागी आपल्या द्विविध मनस् कल्पनेला आधार शोधू शकतो, आणि प्रस्तुत लेखकाला तो आधार खरा वाटतो. मात्र दोन्ही वाटा पुढे फुटतात. रामदासांचे मन राघवाच्या चरणी विसावते. थिऑसॉफी गाऱ्हाणे ऐकून पावणारा व्यक्तिरूप ईश्वर मानत नाही. मागणे मागणारी प्रार्थना तिला अमान्य आहे, आणि तिच्या जागी आपल्याच अंतर्यामी असलेल्या उच्च आत्म्याकडे संकल्पपूर्वक वळणे ती सुचवते. भक्तिमार्गी माणसाला हे कोरडे वाटते, आणि त्याचे तसे वाटणे रास्त आहे.

मृत्यूनंतर

रामकुंडावर दहाव्याचा विधी ज्याने पाहिला आहे त्याला कामलोकाची कल्पना वेगळी समजवावी लागत नाही. पिंड ठेवलेला असतो, कावळा लांब बसून राहतो. मग घरचा कोणी हात जोडून पुढे होतो : “धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, काळजी करू नका.” गेलेल्याची इच्छा मागे अडकून राहते आणि ती सुटेपर्यंत त्याला पुढे जाता येत नाही, ही त्यामागची समजूत. थिऑसॉफीनुसार देह पडल्यावर प्राण आणि लिंगशरीर विरतात आणि माणूस काही काळ कामलोकात असतो. तिथे उच्च मनस् वासनेच्या कवचापासून सुटे होते. सुटल्यावर ते देवचन या अवस्थेत जाते. या जन्मी जे निर्मळ प्रेम केले, जी उच्च आकांक्षा धरली, तिचेच फळ तिथे अखंड भोगले जाते, आणि दीर्घ विश्रांतीनंतर नवा जन्म येतो. मागे राहिलेले कवच हळूहळू विघटित होते.

म्हणूनच मृतांना बोलावण्याच्या बैठकांना ब्लाव्हाट्स्कींचा विरोध होता. माध्यमाच्या तोंडून बहुधा ते टाकलेले कवच बोलते, गेलेला माणूस नव्हे, असे त्या म्हणत. शोकाकुल घरांना अशा बैठकांचा मोह पडतो तेव्हा हा इशारा आजही आठवावा असा आहे.

कर्म आणि बंधुत्व

कर्म म्हणजे बिघडलेला तोल पुन्हा सावरणारा नियम. बक्षीस वा शिक्षा देणारा कोणी त्यामागे बसलेला नाही. ब्लाव्हाट्स्कींनी यात सामूहिक कर्माची भर घातली. माणसे आतून एकच असल्याने एकाच्या करणीचा परिणाम सर्वांवर होतो, आणि एकट्याने वर चढून जाणे शक्य नाही. इथे एका धोक्याकडे काणाडोळा करता येत नाही. ‘ज्याचे त्याचे भोग’ म्हणून दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवणे आपल्या समाजाला चांगलेच सवयीचे आहे. जातीच्या उतरंडीला तर याच तत्त्वज्ञानाचा टेकू दिला गेला. ब्लाव्हाट्स्कींच्या ‘द व्हॉइस ऑफ द सायलेन्स’ (१८८९) या छोट्या ग्रंथाचा आशय याच्या नेमका उलट आहे : दया दाखवण्याची वेळ असताना हात बांधून बसणे हेच घोर पाप. दुसऱ्याचे कर्म काय आहे हे ठरवणे आपले काम नाही. त्याच्या मदतीला न जाणे हे मात्र आपले कर्म होते.

वंश, धर्ममत, लिंग, जात वा वर्ण असा भेद न मानता विश्वबंधुत्वाचे केंद्र उभारणे हे सोसायटीचे पहिले उद्दिष्ट. त्यातला ‘जात’ हा शब्द नाशिकमध्ये नुसता वाचून पुढे जाता येत नाही. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो खांद्यावर घेऊन वर्षानुवर्षे चालवला, तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा आंबेडकरांनी केली. तो लढा हक्कांचा होता आणि स्वतःच्या बळावर लढला गेला. थिऑसॉफीच्या खात्यावर त्याचे श्रेय मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण सर्वांच्या ठायी एकच आत्मा आहे, हे वेदान्त्यांनी शतकानुशतके म्हटलेले विधान मंदिराच्या पायरीवर किती टिकते, याची कसोटी त्या लढ्याने घेतली. थिऑसॉफीच्या पहिल्या उद्दिष्टालाही तीच कसोटी लागू आहे.

सोसायटीच्या मराठी सभासदांपैकी काहींनी ती आधीच ओळखली होती. मुंबईचे तुकाराम तात्या पडवळ यांनी सोसायटीत येण्याच्या कितीतरी आधी, १८६१ मध्ये, ‘जातिभेद विवेकसार’ लिहिले होते, आणि त्याची दुसरी आवृत्ती महात्मा फुल्यांनी काढली. दामोदर मावळणकर हा तरुण तर जात आणि घरची श्रीमंती सोडून संस्थेच्या कामात उतरला, १८८५ मध्ये तिबेटच्या वाटेला लागला आणि परतला नाही. ऑल्कॉट यांनी १८९४ मध्ये मद्रासला अस्पृश्य मुलांसाठी मोफत शाळा काढली.

आक्षेप

लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने १८८५ च्या अहवालात ब्लाव्हाट्स्कींच्या चमत्कारांना आणि त्या ज्यांना आपले गुरू म्हणत त्या ‘महात्म्यां’च्या पत्रांना फसवणूक ठरवले. त्या तपासाच्या पद्धतीवर याच संस्थेच्या नियतकालिकात १९८६ मध्ये कडक टीका झाली, तरी वाद मिटलेला नाही. ‘मूलवंशां’ची उपपत्ती अधिक अडचणीची आहे. मानवसमूहांना उत्क्रांतीच्या पायऱ्यांवर बसवणारी भाषा बंधुत्वाच्या तत्त्वाशी विसंगत आहे आणि तिचे समर्थन करता येत नाही. जिद्दू कृष्णमूर्तींना जगद्गुरू म्हणून पुढे आणण्याचा बेझंट-लेडबीटर यांचा प्रयत्न ३ ऑगस्ट १९२९ रोजी संपला. त्या दिवशी हॉलंडमधल्या ओमेन येथे कृष्णमूर्तींनी आपल्या भोवती उभारलेला संघ स्वतःच विसर्जित केला.

आचार

रोजच्या वागण्याचे नियम थिऑसॉफी फार थोडे घालून देते. मांसाहार आणि मद्य टाळावे असा कल आहे, पण सामान्य सभासदावर सक्ती नाही; खुद्द ब्लाव्हाट्स्की सतत सिगारेट ओढत. भर आहे तो कर्तव्यावर : घरचे, शेजारचे, समाजाचे आपल्यावरचे देणे मान्य करणे आणि ते फेडताना मोबदल्याकडे न पाहणे. गीतेतल्या निष्काम कर्माशी याचे नाते उघड आहे. अ‍ॅनी बेझंट यांनी १८९५ मध्ये गीतेचे इंग्रजी भाषांतर केले. लंडनमध्ये शिकणाऱ्या गांधीजींना गीता वाचायला प्रवृत्त केले तेही दोन थिऑसॉफिस्टांनीच. अभ्यास, ध्यान आणि सेवा ही तिन्ही एकत्र चालावीत असा संकेत आहे, आणि सेवेला वगळून केलेले ध्यान स्वार्थाचेच सूक्ष्म रूप समजले जाते. सिद्धींच्या मागे लागण्याला म्हणूनच विरोध आहे. ज्याचा राग आवरलेला नाही त्याच्या हाती सिद्धी आली तर ती रागाचेच हत्यार होते.

सोसायटीच्या सर्वसाधारण मंडळाने १९२४ मध्ये विचारस्वातंत्र्याचा ठराव केला. त्यानुसार सात तत्त्वे, पुनर्जन्म, महात्मे यांपैकी काहीही मानण्याचे बंधन सभासदावर नाही. संस्थापकांसकट कोणाचाही शब्द अंतिम नाही. सभासद होताना मान्य करावी लागतात ती संस्थेची उद्दिष्टे, आणि त्यांत पहिले बंधुत्वाचे.