आमवात आणि हृदयविकार

आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतला रुमेटॉइड आर्थ्रायटिस, असलेल्या व्यक्तीला हृदयविकार होण्याचा धोका त्याच वयाच्या इतरांपेक्षा साधारण दीडपट असतो. बोटांची पेरे सुजतात, मनगटे आखडतात, म्हणून हे दुखणे सांध्यांपुरतेच धरले जाते. प्रत्यक्षात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली असते आणि त्यातून उठणारा दाह रक्तावाटे सर्वत्र पोचतो.

एक गल्लत इथेच दूर करायला हवी. लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर सांधे धरणारा आणि हृदयाच्या झडपा बिघडवणारा रुमॅटिक फीवर हा निराळा आजार. आमवातात मुख्य धोका असतो तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना. सांध्याच्या अस्तराला सुजवणारी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही द्रव्ये या वाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही डिवचतात. तिथे साठलेला चरबीचा थर कमकुवत होऊन फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि झटका येतो. धूम्रपानाने आमवात जडण्याची शक्यता वाढते आणि हृदयाचा धोकाही.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट इथे फसवा ठरू शकतो. दाह जोरात असताना रक्तातले कोलेस्टेरॉल उलट खाली येते. आकडे चांगले दिसतात आणि धोका मात्र चढलेला असतो. म्हणून दाह किती आहे हे दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्तचाचण्यांचे आकडे वाढलेले असताना केलेल्या तपासणीवर विसंबू नये, सांधे शांत झाल्यावर ती पुन्हा करावी. 'युलार' या संधिवातावर काम करणाऱ्या युरोपीय संघटनेच्या शिफारशीनुसार हृदयविकाराचा धोका मोजण्याच्या नेहमीच्या कोष्टकातून निघालेला आकडा आमवाताच्या रुग्णासाठी १.५ ने गुणायचा असतो. ब्रिटनमध्ये हाच धोका मोजणाऱ्या 'क्यूरिस्क' गणकात तर या आजाराचा स्वतंत्र रकानाच आहे.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे लक्षणे झाकली जाणे. सकाळी तासभर मूठ वळत नाही, पिळा घट्ट बसत नाही म्हणून कपडे निथळतच दोरीवर जातात, अशा बाईचा डावा खांदा दुखू लागला तर घरात आधी तेलाची बाटलीच शोधली जाते. चालणेच कमी झालेले असते, त्यामुळे जिना चढताना छातीवर येणारा दाब कधी जाणवतच नाही. धाप लागली की थकवा म्हणून सोडून देतात. छातीत न दुखता येऊन गेलेले झटके या रुग्णांत जास्त आढळतात. नवा, विश्रांतीतही न थांबणारा खांदा-जबड्याचा ठणका, घाम किंवा धाप असेल तर वेळ न घालवता ईसीजी काढायलाच हवा.

उपचारांत दाह आवरणे हे पहिले काम. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या औषधावर असलेल्यांत हृदयविकार कमी दिसतो, असे अनेक निरीक्षणांत आढळले आहे. मनाने ते बंद करून पेनकिलर आणि स्टेरॉईडवर दिवस काढणे मात्र दुहेरी नुकसानीचे. स्टेरॉईडने साखर, रक्तदाब आणि वजन वाढते. काही वेदनाशामके स्वतःच हृदयाला जड जातात. रोफेकॉक्सिब हे औषध त्यापायीच २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. आमवातावरच्या टोफासिटिनिबच्या गोळ्यांबाबतही पन्नाशी ओलांडलेल्या, आधीच धोका असलेल्या रुग्णांना सावध केले जाते. रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांची चौकशी संधिवाताच्या दवाखान्यातच व्हायला हवी, कारण असा रुग्ण हृदयाच्या डॉक्टरकडे बहुधा झटका आल्यावरच पोचतो.