लॉक रिंगच्या रिमवरून जुने टायर काढणे

जुन्या ट्रकच्या चाकाची रिम बहुधा एकसंध नसते, तिचे दोन किंवा तीन सुटे भाग असतात. त्रिखंडी रिमवर एका बाजूचा काठ कायमचा असतो. दुसऱ्या बाजूला अखंड साइड रिंग बसते आणि ती बाहेर सरकू नये म्हणून खाचेत एका जागी चिरलेली लॉक रिंग अडकवतात. द्विखंडी रिममध्ये ही दोन्ही कामे एकच चिरलेली रिंग करते. १०.००-२० सारख्या मापाच्या ट्यूबच्या टायरचे बीड, म्हणजे रिमवर बसणारी तारेची कडा, इतके ताठ असते की ते अखंड काठावरून ओढून काढता येत नाही. म्हणून काठच सुटा केला गेला.

भरलेल्या टायरमधली हवा साइड रिंगला सतत बाहेर ढकलत असते. ७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला हा रेटा हजारो किलोंचा होतो आणि तो तोलून धरते ती गंजलेली खाच. त्यामुळे पहिला पाना चाकाच्या नटाला नव्हे, व्हॉल्व्हला लावायचा. चाक गाडीवर असतानाच व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडतात, मग भोकात तार घालून ते तुंबलेले नाही ना ते पाहतात. जोडचाक असेल तर दोन्ही टायर रिकामे करायचे. काही लष्करी गाड्यांच्या रिमचे दोन अर्धे भाग बोल्टने जोडलेले असतात. तिथे चाकाचे नट समजून रिमचे नट सोडले, तर भरलेली रिम हातातच फुटते.

चाक लॉक रिंगची बाजू वर करून आडवे ठेवतात. खरा वेळ इथेच जातो. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत रबर आणि लोखंड गंजाने एकजीव झालेले असतात. तारेच्या ब्रशने खाच साफ करून गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे, शक्यतो रात्रभर. मग पसरट तोंडाच्या हातोड्याने किंवा बीड तोडण्याच्या यंत्राने बीड थोडे थोडे, गोल फिरत खाली दाबतात. एकाच जागी घाव घातले तर रिंग वाकते. साइड रिंग खाली गेली की चिरेजवळच्या खाचेत पहार घालून लॉक रिंग उचलतात. ती स्प्रिंगसारखी उसळते, तेव्हा तोंड तिच्यावर नसावे. साइड रिंग निघाल्यावर चाक उलटून दुसरे बीड सोडवतात आणि व्हॉल्व्ह सांभाळत रिम उचलतात. शेवटी बहुतेकदा फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टीच चिकटून बसते.

टायर वाचवायचा नसेल तर तो कापणे शहाणपणाचे. बाजूचे रबर चाकूने, बीडमधली तार ग्राइंडरने. फक्त रिमवर चरा पडू देऊ नये. गॅसची ज्योत मात्र कधीही लावू नये. तापलेल्या रबरातून ज्वलनशील वायू सुटतात आणि बंद टायरचा स्फोट होतो; शिवाय पोलादाचा कस जातो.

निघालेले भाग एकमेकांच्या मापाचे आहेत का ते शिक्क्यांवरून पडताळतात, कारण दिसायला सारखी रिंग दुसऱ्या रिमवर अर्धवटच बसते. फायरस्टोनच्या आरएच५ अंश या द्विखंडी रिमचे भाग मधोमध एकमेकांत अडकत. गंजाने ही पकड सुटून इतके बळी गेले की तिला ‘विधवा करणारी’ हे नाव पडले. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने १९८० मध्ये बहुखंडी रिमसाठी नियम केले. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेले चाक आधी पूर्ण रिकामे करणे, तसेच बसवलेल्या टायरमध्ये पिंजऱ्यात हवा भरणे त्यात बंधनकारक आहे.

खोलगट मध्याच्या अखंड रिमवरील ट्यूबलेस टायर आल्यावर बहुखंडी रिम मागे पडली, १०.००-२० च्या जागी ११आर२२.५ या मापाचा टायर आला.