डॉबरमनची झोप आणि एका जीनचा माग

खाऊ समोर दिसला की कुत्रा खुशीत धावत येतो, एकदोन घास खातो आणि पाय लुळे पडून तिथेच आडवा होतो, बरं शुद्ध हरपलेली नसते, बऱ्याचदा डोळे उघडेच असतात, आणि थोड्या वेळाने उठून परत खायला सुरुवात. बघणाऱ्याला वाटतं फिट आली. पण ही फिट नाही, हा नार्कोलेप्सी या अनावर झोपेच्या आजारातला कॅटाप्लेक्सी नावाचा झटका, आणि तो येतो आनंदाने! खाणं, खेळणं, मालक घरी येणं, काहीही पुरतं.

माणसातल्या या आजाराला नाव दिलं फ्रेंच डॉक्टर जेलिनो यांनी, 1880 मध्ये. पण तो होतो कशामुळे हे पुढची शंभरेक वर्षं कळलंच नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला विल्यम डिमेंट यांनी असे कुत्रे जमवायला सुरुवात केली, आधी पूडल वगैरे, पण त्यांच्या पिल्लांत आजार काही उतरेना. मग डॉबरमन आणि लॅब्राडॉर मिळाले आणि चित्रच पालटलं, कारण त्यांच्यात तो सरळ आनुवंशिक निघाला, आई आणि बाप दोघांकडून बिघडलेला जीन आला तरच पिल्लू आजारी.

तो जीन शोधायला एमॅन्युएल मिन्यो आणि त्यांच्या टीमची दहाएक वर्षं गेली, कारण तेव्हा कुत्र्याच्या जीनोमचा धड नकाशाही नव्हता. 1999 मध्ये सापडला, हायपोक्रेटिन रिसेप्टर 2, म्हणजे हायपोक्रेटिनचा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरचा जीन. हायपोक्रेटिन, म्हणजेच ओरेक्सिन, हे मेंदूतलं जागं ठेवणारं रसायन आदल्याच वर्षी माहीत झालं होतं, आणि जपानी शास्त्रज्ञ यानागिसावा यांची टीम उंदरांवर काम करता करता त्याच सुमारास तिथेच पोचली.

आता खरी गंमत. माणसांत बहुतेकदा हा जीन ठणठणीत असतो! 2000 मध्ये कळलं की पेशंटच्या मेंदूत हे रसायन बनवणाऱ्या पेशीच जवळजवळ संपलेल्या असतात, बहुधा स्वतःच्याच इम्युन सिस्टिममुळे. म्हणजे कुत्र्यात निरोप घेणारा बिघडलेला आणि माणसात निरोप पाठवणाराच गायब, पण रस्ता एकच, आणि तो दाखवला डॉबरमननी. याच रस्त्यावर उलटा विचार करून झोपेची गोळी पण आली, सुवोरेक्सन्ट, ती हे रिसेप्टर बंद करते, अमेरिकेत 2014 ला मंजुरी. मिन्यो आणि यानागिसावा यांना 2023 चं ब्रेकथ्रू प्राइझ मिळालं.

डॉबरमन आणि लॅब्राडॉरसाठी आता या जीनची डीएनए टेस्ट होते, आणि ब्रीडिंगआधी ती करण्यात अर्थ आहे, कारण एकच बिघडलेली प्रत असलेला कुत्रा आयुष्यभर धडधाकट दिसतो.