टोचणारं बोलणं आणि चिथावणी

अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मर्यादा कोणत्या, असं नववी-दहावीच्या वर्गात विचारलं की एक उत्तर हमखास येतं: 'कोणाच्या भावना दुखावतील असं बोलू नये.' घरचं वळण म्हणून ते चांगलंच आहे. पण संविधानाच्या कलम 19(2) मध्ये निर्बंधांची जी आठ कारणं आहेत, त्यांत भावना दुखावणं नाही. गुन्ह्याला चिथावणी देणं मात्र आहे.

हा फरक शिकवायला मला पालघरचं उदाहरण सगळ्यांत मोलाचं वाटतं. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, मुंबई बंद राहिली. एका तरुणीनं फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला, मैत्रिणीनं पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. आता मुलांना विचारावं: चिथावणी कोणाची? 'तिनं लिहिलंच नसतं तर दवाखाना फुटला नसता,' असं कोणी म्हटलं तर पुढचा धडा सोडून तिथंच थांबावं. पोस्टमध्ये कोणाला काही फोडायला सांगितलं होतं का? नाही. वाचून कोणी चिडला आणि दगड उचलला, तर गुन्हा दगड उचलणाऱ्याचा. हिंसेच्या धमकीपुढं नमून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, ती जपणं सरकारचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं रंगराजन खटल्यात 1989 मध्येच बजावलं होतं.

पालघरच्या अटकेनंतर श्रेया सिंघल न्यायालयात गेल्या. त्यांच्या याचिकेवर 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारं कलम, सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन पायऱ्या त्या निकालानं वेगळ्या केल्या. पहिल्या दोन कितीही कटू असोत, त्या मोकळ्या आहेत.

नुसती भाषा जहाल असली म्हणूनही चिथावणी होत नाही. इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी चंदीगडमध्ये खलिस्तानच्या घोषणा देणाऱ्या दोघांना न्यायालयानं 1995 मध्ये निर्दोष सोडलं. चार-दोन घोषणांनी कोणी पेटलं नव्हतं. उलट 'उद्या शाळा सुटल्यावर त्याला गाठा आणि हाणा' हा वर्गाच्या ग्रुपवरचा मेसेज शिवीगाळ नसूनही चिथावणीच आहे.

मुलं धार्मिक भावनांबद्दल विचारतील, आणि ते टाळू नये. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं 295अ, आताच्या भारतीय न्याय संहितेतलं 299, हे कलम आहेच. पण तिथंही नुसतं कोणी दुखावलं जाणं पुरत नाही. धर्माचा किंवा श्रद्धांचा अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केला, हे सिद्ध करावं लागतं.