ग्रामसभा नेमकी कोणाची?
"ग्रामसभा म्हणजे सरपंच आणि सदस्यांची बैठक, बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं," असं गावोगावी वर्षानुवर्षं सांगितलं जातं. असा समज होणं स्वाभाविक आहे, खुर्च्या तेवढ्या त्यांनाच असतात. पण सदस्यांची असते ती मासिक सभा. ग्रामसभा वेगळी. राज्यघटनेच्या कलम २४३ नुसार गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या सगळ्यांची मिळून ग्रामसभा होते. घर कोणाच्या नावावर, शेत किती, माहेर कुठलं, हे प्रश्नच येत नाहीत. नुकतीच लग्न होऊन आलेली सूनही, यादीत नाव असेल तर, उठून पाणीपट्टीचा हिशेब विचारू शकते. खात्री करायची तर आधी यादीत आपलं नाव पाहा. सभेनंतर आपला मुद्दा प्रोसिडिंगच्या वहीत उतरलाय का, तेही बघा.